पिवळी तार

दादाने राउटर पुन्हा बंद केला होता.

सकाळी उठल्यावर चूळ भरायच्याही आधी मी कपाटावर बघायची. तिथे हिरवे दिवे लुकलुकत असले तर ठीक. नसले तर माझा दिवस तिथेच नासायचा.

"दादा, हे कोणी बंद केलं?"

"मी नाही."

"मग काय मी केलं?"

"केलं असशील. तुला झोपेत बडबडायची सवय आहेच. आता हातही चालायला लागले असतील."

घरात माणसं दोन, मी आणि माझा थोरला भाऊ. त्यामुळे कोणी केलं हे शोधायला फार अक्कल लागत नाही. पण दादा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याला खरंच आठवत नसायचं.

दादाने सगळी नोकरी एका ग्रंथालयात शिपाई म्हणून काढली. संध्याकाळी इमारत बंद करायची जबाबदारी त्याची. शेवटचा वाचक बाहेर पडला की तो वरच्या मजल्यापासून सुरुवात करायचा, खोलीखोलीत जाऊन दिवे, पंखे, हिटर, सगळ्यांची बटणं बंद करायचा, आणि प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "मासिकं बंद. वाचनकक्ष बंद. तळघर बंद." मोठ्याने म्हटलं की घरी जाऊन चुटपुट लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तो होता तोवर त्या इमारतीत कधी एक दिवा रात्रभर जळला नाही, आणि याचा त्याला इतका अभिमान की जणू सगळी पुस्तकं त्यानेच लिहिलीत. निवृत्त झाला तेव्हा इमारत जागच्या जागी राहिली, फेरी मात्र त्याच्याबरोबर घरी आली.

"स्वयंपाकघर बंद. न्हाणीघर बंद. जिना बंद." झोपायच्या आधी एकदा, बाहेर पडताना एकदा, आणि पाणी प्यायला उठला तर मधेच एकदा. मी आत अंघोळ करत असतानाही न्हाणीघर बंद झालेलं आहे. डोळ्यांत साबण आणि वर अंधार. मी ओरडायची, तो बाहेरून म्हणायचा, "अगं, तू आहेस होय आत?" इतकी वर्षं आम्ही यावर हसत आलो होतो.

मग त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, ठोका रेंगाळला की पुढे ढकलणारं. आणि घरी पाठवताना एक पांढरी डबी दिली. ती उशाशी ठेवायची. दादा झोपला की डबी त्याच्या छातीतल्या यंत्राशी बोलणार, आणि जे ऐकलं ते इंटरनेटवरून हॉस्पिटलात कळवणार. आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त जिन्यात, त्यामुळे डबीचा सगळा भार राउटरवर. आणि रात्री झोपायच्या आधी दादा काय करायचा? राउटर बंद.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण डॉक्टरांनी अट घातली होती. डबी रोज रात्री बोलली तर काका घरी राहतील. नाहीतर सगळं स्थिर होईपर्यंत वॉर्डात.

वॉर्डात काय झालं होतं ते मला माहीत होतं. तिथे रात्रभर दिवे जळतात. दादा पहिल्याच रात्री हाताला सलाईन असताना उठला आणि मोठं बटण शोधायला निघाला. स्टँडमध्ये पाय अडकून पडला, कपाळाला टाके पडले. त्यानंतरच्या रात्री त्यांनी त्याचा एक हात कापडाने खाटेच्या दांडीला बांधून ठेवला. तुमच्याच भल्यासाठी, म्हणाले. मी सकाळी गेले तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "भिंगरी, मला इथे परत आणू नको. काही कर, पण इथे नको." मला भिंगरी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलंय. मी म्हटलं, नाही आणणार.

एवढं बोलून बसले होते, म्हणून कामाला लागले.

पहिल्यांदा बटणावर चिकटपट्टी लावली. सकाळी ती व्यवस्थित सोलून, घडी घालून कपाटावर ठेवलेली होती आणि बटण बंद. मग "हात लावू नये" असा कागद लावला. दादा म्हणाला, ग्रंथालयात असले कागद भिंतभर होते, कोण वाचतं. मग राउटर माझ्या खोलीत नेऊन पलंगाखाली लपवला. रात्री पलंगाखाली खुडबुडलं, मी किंचाळून उठले, तर दादा गुडघ्यांवर बसून हात लांब करून बटण चाचपत होता. सकाळी विचारलं तर म्हणतो, "तुझ्या खोलीत? मी? काहीतरीच."

मग ठरवलं की तो झोपला की आपण उठून चालू करायचं. पण दादा पाणी प्यायला उठणार, आणि परत जाताना फेरी मारणार. म्हणजे मी रात्रभर राखण करायला हवी. तीही केली. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात, जिथे मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते, तिथे एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवून मोकळी झाले. मालकांनी चष्मा हातात घेतला, आपल्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच काच काढायला घेतली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी नर्सबाईचा फोन आला. आवाज चांगला होता तिचा, म्हणूनच मी हातातली काच खाली ठेवली.

"ताई, तेरवा रीडिंग नाही, परवा नाही, काल आलं तेवढंच. डॉक्टर विचारतायत. आता अजून चुकलं तर काकांना इथे आणावं लागेल बघा. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

"आता चुकणार नाही," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले देव जाणे.

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसले होते. डोकं चालेनासं झालं की मी पत्ते खेळते. दादा फिरायला निघाला होता, म्हणजे फेरी सुरू. त्याने पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला. मग तो कॉम्प्युटरपाशी आला, आणि झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा त्याला वळसा घालून पुढे गेला.

मी पत्ते टाकून दिले.

दादा कॉम्प्युटरला हात लावत नाही. जगात त्याने हात न लावलेलं बटण ते एकच. ग्रंथालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तिथल्या मॅडम कित्येक महिने पुस्तकांची नावं त्यात भरत होत्या. एका संध्याकाळी त्या तो चालूच ठेवून गेल्या, आतलं काम रात्रभर चालणार होतं. दादाने नेहमीप्रमाणे फेरी मारली आणि "कॉम्प्युटर बंद" म्हणून भिंतीवरचं बटण दाबलं. सकाळी सगळं पुसलेलं. मॅडम ओरडल्या असत्या तर दादाने सहन केलं असतं. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. तेव्हापासून दादाच्या हाताला कुठूनतरी कळतं की समोर कॉम्प्युटर आहे, आणि हात मागे जातो. झोपेतसुद्धा.

म्हणजे राउटरची वीज भिंतीतून नकोच. ती कॉम्प्युटरच्या पोटातून घ्यायची.

हा कॉम्प्युटर दुकानातला. मालकांनी नवीन घेतला तेव्हा जुना मला दिला. काचा झाडायच्या ब्रशने मी अधूनमधून त्याची आतली धूळ काढते, त्यामुळे त्याची आतडी मला ओळखीची आहेत. आत एक पत्र्याची पेटी असते. भिंतीतली वीज तिथे येते आणि थोडी थोडी करून सगळ्यांना वाटली जाते, रंगीत तारांच्या जुडग्यांतून. त्यातलं एक जुडगं कधीपासून नुसतंच लोंबत होतं, टोकाला चार भोकांचा पांढरा प्लग. आणि राउटरच्या पोटावर लिहिलं होतं, बारा व्होल्ट. भिंतीत खोचायचा त्याचा तो काळा ठोकळा एवढंच करत होता, भिंतीतल्या विजेचे बारा व्होल्ट करणं. पेटी तेच करत असेल तर ठोकळा कशाला?

ती रात्र पुन्हा राखणीत काढून मी सकाळी कोपऱ्यावरच्या तारवाल्याकडे गेले. तारा, बल्ब, बटणं विकतो, म्हणून सगळे त्याला तारवालाच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "होईल की. न व्हायला काय झालं? पिवळी बारा, लाल पाच, दोन्ही काळ्या परतीच्या. लाल लावलीत तर राउटर जागा होणार नाही. उलटसुलट लावलीत तर कायमचा झोपेल. त्याच्या पिनेत मधे पिवळी, बाहेर काळी."

"एवढंच?"

"एवढंच नाही. पिवळीवर मधे छोटा फ्यूज टाका. आणि तार पत्र्यातून बाहेर काढाल तिथे रबराचं कडं बसवा."

"द्या मग."

"फ्यूज आहे, पण तो बसवायची डबी संपलीय. उद्या या."

उद्या हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. मी त्याच्याकडून व्होल्ट मोजायचा मीटर तेवढा मागून घेतला आणि घरी आले.

दादा न्हाव्याकडे गेला की लवकर येत नाही, तिथे त्याच्या वयाची चारदोन मंडळी बसलेली असतात. त्या दुपारी मी टेबल भिंतीपासून ओढलं, कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, भिंतीतून काढला आणि पत्रा उघडला. आधी पांढऱ्या प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या तारा कापून टोकं सोलली आणि एकमेकींपासून लांब धरून कॉम्प्युटर चालू केला. मीटरने बारा दाखवले, आणि वर थोडंसं. परत बंद केला. मग राउटरचा ठोकळा घेतला. त्याची तार कापायला कात्री लावली तेव्हा हात थांबला. ही एकदा कापली की भिंतीकडे परत जायची सोय नव्हती.

मी कापली.

बाकी काम माझ्या हातातलं. चष्म्याच्या तुटलेल्या दांड्या मी सोल्डर करून जोडते, त्यापुढे या तारा म्हणजे दोरखंड. पिवळी मधल्या पिनेच्या तारेला, काळी बाहेरच्या. सांधे झाकले. मागच्या पत्र्यात एक अरुंद फट होती, तिच्यातून तार बाहेर काढली. कॉम्प्युटरला थोडा वेळ काम नसलं की आपोआप झोपायची सवय होती, ती सेटिंगमध्ये जाऊन मोडली. एका घरात झोपेत उद्योग करणारा एक पुरे. मग राउटर कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला आणि बटण दाबलं. एक दिवा, दुसरा दिवा, मग सगळे. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रात्री फेरीत दादा कपाटापाशी थबकला. "इथलं ते कुठे गेलं?"

"ते आता कॉम्प्युटरचा भाग आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला की तेही बंद. आणि चालू कॉम्प्युटर मधेच बंद केला की काय होतं ते तुला मी सांगायला नको."

हे मी मुद्दाम बोलले, दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवून. दादाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि झोपायला गेला. मला वाईट वाटलं. पण सकाळी दिवे लुकलुकत होते, आणि मला जास्त बरं वाटलं.

नर्सबाईचे फोन थांबले. थांबले म्हणजे सगळं ठीक, असं तिचं माझं ठरलेलं होतं. आठवडे गेले. दादाच्या गालांवर थोडा रंग आला, तो पुन्हा न्हाव्याकडे जाऊन लोकांची डोकी खायला लागला. मीटर मी तारवाल्याला परत केला. फ्यूजच्या डबीचं विचारायचं राहून गेलं. चालतंय ना, मग कशाला त्यात हात घालायचा?

त्यानंतरची ती दुपार. दुकानात गर्दी होती. मी चाकावर काच धरून बसले होते. घासलेल्या काचेची कड सुरीसारखी असते. ती तशीच फ्रेममध्ये घातली तर माणसाचा गाल कापेल, म्हणून शेवटी चाकावर तिरपी धरून ती बोथट करावी लागते. आम्ही त्याला कड मोडणं म्हणतो. दुकानात मालकांपेक्षा माझ्याच हाताने मोडलेल्या कडा जास्त असतील. मी मान वर केली तर दारात दादा उभा.

घरापासून दुकान म्हणजे चढ आहे. त्याला चढ चालायची मनाई होती. चेहरा राखाडी झाला होता, पायात घरातल्या सपाता, आणि एक हात दाराच्या चौकटीवर.

"भिंगरी," तो म्हणाला, "मी कॉम्प्युटर बंद केला."

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "एक गोष्ट सांगितली होती तुला. जगात एकच गोष्ट सोडून बाकी सगळं बंद कर म्हटलं होतं. ते पण जमलं नाही? मग जा वॉर्डात. बांधू देत हात. मी तरी किती करू?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. चाक नुसतंच फिरत राहिलं. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याची मान खाली गेली, ग्रंथालयातल्या त्या सकाळी गेली असेल तशी.

"धूर येत होता गं," तो म्हणाला.

मालकांनी खुर्ची ओढून दादाला बसवलं आणि पाणी दिलं. आपल्या गाडीतून आम्हाला घरी सोडलं. वाटेत मी दादाच्या सपाता बघत बसले. वर बघायला तोंडच नव्हतं.

दार उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. भिंतीवरचं बटण बंद होतं. शिवाय दादाने प्लग उपसून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकला होता. मी टेबल ओढलं. मागच्या फटीत, जिथे तार पत्र्यावरून वळत होती, तिथे तिचं आवरण सुरीने कापावं तसं कापलं गेलं होतं. आतल्या पंख्याने पत्रा सतत थरथरत राहतो, आणि त्या थरथरीत पत्र्याची कड इतके दिवस तारेवर करवत चालवत होती. आतलं तांबं पत्र्याला टेकलं. मधे वीज तोडायला फ्यूज नव्हता. मग तार तापत गेली, बोटभर लांबीचं आवरण वितळून काळं पडलं होतं. आणि तारेला खेटून माझी शिवणाची कापडी पिशवी होती. तिच्या कडेवर तपकिरी डाग पडला होता, अजून ऊबदार.

मी त्या फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं, रक्त आलं. दिवसभर लोकांच्या गालांसाठी कडा मोडणारी बाई मी, आणि घरी उघड्या कडेवरून तार ओढून घेतली होती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. दादा त्या दुपारी न्हाव्याकडे गेला असता तर घर उरलं नसतं. तो खाटेवर झोपलेला असता तर, याचा विचार मी तिथेच थांबवला.

"गेला का?" मागून दादा म्हणाला. "कॉम्प्युटर गेला का? मी आधी हाक मारणार होतो कोणालातरी. पण धूर वाढायला लागला. हात पुढे होईना गं. मी डोळे मिटले आणि दाबलं."

"दादा, तू घर वाचवलंस."

"तू आत्ता दुकानात म्हणालीस..."

"मी मूर्ख आहे म्हणून म्हणाले. चूक माझी आहे, ही बघ, इथे. तू बंद केलंस म्हणून आपण दोघं इथे उभे आहोत."

त्याने वाकून तार पाहिली, पिशवीवरचा डाग पाहिला, मग माझं बोट पाहिलं. "आधी पट्टी लाव," म्हणाला.

त्याला खाटेवर आडवं करून मी जिन्यात जाऊन नर्सबाईला फोन लावला. चढ चालला, कशामुळे चालला, सगळं सांगितलं. तिने चक्कर, घाम, छातीतलं दुखणं, एकेक विचारून घेतलं. काहीच नव्हतं. मग म्हणाली, "ताई, पण आज रात्रीचं रीडिंग मला पाहिजेच. आज तर पाहिजेच. नाही आलं तर सकाळी गाडी पाठवते. यात आता माझ्या हातात काही नाही."

"येईल."

"राउटर चालू आहे ना?"

"होईल," मी म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

तारवाला शटर ओढत होता. मी अर्ध्या शटरखालून आत गेले. "फ्यूजची डबी आली का?"

"ती केव्हाच आलीय. तुम्हीच आला नाहीत."

"मला ऐकवायचं ते उद्या ऐकवा. आज डबी द्या, नवी तार द्या आणि रबराचं कडं द्या." त्याने डबी दिली, फ्यूज दिले, तार दिली. कडं मात्र त्या फटीच्या मापाचं नव्हतं. मोठं होतं, ते घातलं असतं तर गळून पडलं असतं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "आता उद्या या म्हणायची माझी हिंमत नाही." 

चष्म्याच्या दुकानात परत जाऊन मी मालकांकडून दोन गोष्टी आणल्या. एक बारीक कानस, आणि मूठभर नाकाच्या गाद्या, चष्मा नाकावर रुतू नये म्हणून लावतात त्या मऊ, पारदर्शक. मालक म्हणाले, "भावाला विचारलंय म्हणून सांगा." 

दादा खाटेवर नव्हता. टेबलाशी खुर्ची घेऊन बसला होता, हातात टॉर्च.

"झोप म्हटलं होतं ना?"

"तुला उजेड कोण धरणार?"

तो उजेड धरून बसला आणि मी कामाला लागले. या वेळी घाई केली नाही, म्हणजे आधी केली होती, हे लिहायलाही मला जरा जड जातं. आधी फटीची कड कानसीने घासली, आतून, बाहेरून, मग तिरपी, काच धरते तशी. बोट फिरवलं, लागलं नाही. दादालाही बोट फिरवायला लावलं. मग नाकाच्या गाद्या मधे चिरून कडेवर एकाला एक लागून बसवल्या आणि चिकटवल्या. वितळलेली तार मुळापासून काढून टाकली. नवी जोडली, पिवळी मधे, काळी बाहेर, आणि पिवळीवर पेटीच्या अगदी जवळ फ्यूजची डबी.

"हे काय करतं?" दादाने विचारलं.

"परत तसं झालं तर हा आधी स्वतः जळतो आणि वीज तोडतो. माणूस घरात नसला तरी."

"म्हणजे माझंच काम."

"तुझंच काम. पण हा न्हाव्याकडे जाऊन बसत नाही."

तो हसला. दुपारपासून पहिल्यांदा.

शिवणाची पिशवी मी उचलून कपाटात कोंबली. टेबलामागची जागा रिकामी केली, पुसली. पत्रा बसवला, प्लग भिंतीत लावला. मग मी मागे सरकले.

"दाब," मी म्हणाले.

"मी? नको. तू दाब."

"बंद तू केलास. चालू पण तूच करायचा."

"भिंगरी, ग्रंथालयात त्या दिवशी..."

"त्या दिवशी त्या मॅडमनी तुला सांगायला हवं होतं की आज हा चालू ठेवायचाय. नाही सांगितलं. तू तुझं काम केलंस. आज कोणीच सांगितलं नव्हतं, तरी तू बरोबर केलंस. दाब."

दादाने बोट पुढे केलं. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग दाबलं. आधी भिंतीवरचं, मग कॉम्प्युटरचं. पंखा गुरगुरला. पडदा उजळला, माझा पत्त्यांचा खेळही जागेवर होता. आम्ही दोघं राउटरकडे बघत बसलो. एक दिवा लागला. बराच वेळ एकच. दादाने श्वास रोखून धरला होता, आणि त्याने श्वास रोखणं मला मुळीच परवडणारं नव्हतं. मग दुसरा लागला, मग बाकीचे. आतल्या खोलीत उशाशी ठेवलेली डबी हिरवी झाली, ते दारातून दिसलं.

मी तारेला हात लावून बघितला. गार. दादाने पण लावून बघितला. जेवण झाल्यावर परत लावला.

झोपायच्या वेळी मी माझ्या खोलीत अंधारात पडून ऐकत होते. "स्वयंपाकघर बंद," दादा म्हणाला. "न्हाणीघर बंद. जिना बंद." पावलं बाहेरच्या खोलीत आली आणि कॉम्प्युटरपाशी थांबली. मी चादर मुठीत धरली. त्याने पत्र्यावर तळवा ठेवल्याचा आवाज आला, मग वास घेतल्याचा.

"कॉम्प्युटर चालू," तो म्हणाला, मोठ्याने.

इतक्या वर्षांच्या फेरीत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग तो आत गेला, खाट करकरली, आणि तशाच खणखणीत आवाजात, शेवटच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगावं तसं, तो म्हणाला, "मीपण चालू." मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी फोन चाकाशेजारी ठेवून काचा घासत बसले. मालकांनी दोनदा विचारलं, मी दोनदा मान हलवली. संध्याकाळी चाक पुसलं, झाकलं, दिवा बंद केला. नर्सबाईचा फोन आला नाही.